बँकेची वार्षिक प्रायव्हसी नोटीस येणे बंद झाले, तर?

प्रश्न : आम्ही उभयता न्यू जर्सीतील एडिसनला राहतो. आमच्या संयुक्त खात्याच्या स्टेटमेंटसोबत पूर्वी बँकेची प्रायव्हसी नोटीस (ग्राहकाची माहिती बँक कोणाला देते हे सांगणारे पत्रक) दरवर्षी येत असे. गेली काही वर्षे ती आलेली नाही. माझी माहिती बाहेर देऊ नये, असे मी २०१२ मध्ये बँकेला कळवले होते. अलीकडे एका विमा कंपनीचे फोन येतात आणि आमचे खाते कोणत्या बँकेत आहे हे बोलणाऱ्याला ठाऊक असते. बँक म्हणते, कायदा बदलला, आता नोटीस पाठवावी लागत नाही. हे खरे आहे का? आणि माझा जुना नकार अजून लागू आहे का?

उत्तर : कायदा बदलला हे खरे आहे, मात्र बँकेने आपल्याला त्यातील सवलत सांगितली आणि अटी सांगितल्या नाहीत. १९९९ च्या ग्रॅम-लीच-ब्लायली कायद्याने वित्तीय संस्थांवर, ग्राहकाशी व्यवहार सुरू होताना आणि त्यानंतर दरवर्षी, प्रायव्हसी नोटीस देण्याचे बंधन घातले होते. ४ डिसेंबर २०१५ रोजी अमलात आलेल्या ‘फास्ट’ कायद्याने त्यातील वार्षिक नोटिशीपुरती सूट दिली. (तो कायदा मुळात महामार्गांच्या निधीचा, अमेरिकी काँग्रेसमध्ये अशी भलतीकडची कलमे मोठ्या विधेयकाला जोडून मंजूर करून घेणे नवे नाही.) ग्राहक वित्तीय संरक्षण ब्यूरोने २०१८ मध्ये आपले नियमही त्यानुसार सुधारले.

या सवलतीला दोन अटी आहेत आणि दोन्ही एकाच वेळी पाळल्या गेल्या पाहिजेत. बँक ग्राहकाची माहिती बाहेरच्या कंपन्यांना फक्त अशाच कारणांसाठी देत असली पाहिजे, ज्यांत ग्राहकाला नकाराचा हक्क कायद्यानेच दिलेला नाही. आणि माहिती देण्याबाबतचे तिचे धोरण शेवटच्या नोटिशीनंतर बदललेले नसले पाहिजे. त्यामुळे नोटीस न पाठवणारी बँक एका परीने आपल्याला सांगतच असते, की आपण नाकारू शकाल अशा रीतीने ती माहिती बाहेर देत नाही. ते खरे आहे की नाही, हे आपल्याला तपासता येते.

त्यासाठी बँकेच्या संकेतस्थळावरून किंवा शाखेतून सध्याची नोटीस मिळवावी. बहुतेक बँका सरकारी नमुन्यातील नोटीस वापरतात. तिच्यावर सुधारणेचा महिना आणि वर्ष असते, आणि पहिल्याच पानावर एक तक्ता असतो : डावीकडे माहिती देण्याची कारणे, पुढच्या रकान्यात बँक त्या कारणासाठी माहिती देते का, आणि शेवटच्या रकान्यात आपण ते रोखू शकता का. बँकेशी संलग्न (म्हणजे तिच्याच समूहातील) नसलेल्या कंपन्यांना त्यांच्या जाहिरातीसाठी माहिती देण्याच्या ओळीत ‘होय’ असेल आणि तरीही वार्षिक नोटीस येत नसेल, तर बँक सवलतीला पात्र नाही.

मात्र मला अधिक शक्यता दिसते ती त्याच तक्त्यातील संयुक्त विपणनाच्या, म्हणजे दुसऱ्या वित्तीय कंपनीशी मिळून जाहिरात करण्याच्या, ओळीची. बँकेने एखाद्या विमा कंपनीशी तसा लेखी करार केला असेल, तर ती आपले नाव व खात्याची माहिती तिला देऊ शकते, आणि संघीय कायद्याने आपल्याला ते नाकारता येत नाही. ग्राहकाच्या बाजूने पाहता ही पळवाटच आहे. पण ती २०१५ ची नव्हे, मूळ कायद्यातीलच आहे.

आपला २०१२ चा नकार वार्षिक नोटीस थांबल्यामुळे रद्द होत नाही. आपण स्वतः लेखी मागे घेईपर्यंत तो लागू राहतो. याला अपवाद बँकेच्या संलग्न कंपन्यांनी आपल्या माहितीवरून करायच्या जाहिरातीचा : तो नकार पाच वर्षांपुरता मर्यादित ठेवण्याची मुभा बँकेला असते, परंतु मुदत संपल्यावर तशी जाहिरात सुरू करण्यापूर्वी आपल्याला पुन्हा नोटीस व नकाराची संधी देणे तिला भाग आहे. त्यामुळे फोन करणारी विमा कंपनी बँकेच्याच समूहातील आहे का, हे आधी पाहावे. आपण एकटीने दिलेला नकार पतींनाही लागू होतो का, हे त्याच नोटिशीत संयुक्त खात्याच्या प्रश्नाखाली लिहिलेले असते.

ग्रॅम-लीच-ब्लायली कायद्याखाली ग्राहकाला स्वतः दावा लावता येत नाही, अशीच भूमिका न्यायालयांनी घेतली आहे. तेव्हा नुकसानभरपाईच्या आशेने वकिलावर खर्च करू नये. बँकेला लेखी पत्र द्यावे आणि त्यात तीन गोष्टी विचाराव्यात : आपला नकार नोंदीत आहे का, त्या विमा कंपनीशी बँकेचे नाते काय, आणि शेवटची नोटीस आपल्याला कधी पाठवली. उत्तर आले नाही किंवा ते तक्त्याशी जुळले नाही, तर पत्राची प्रत जोडून ब्यूरोकडे तक्रार करावी.