वाचक विचारतात : जुनं घर, नवं ऑफिस

प्रश्न : लंडनच्या ब्लूम्सबरी भागात अठराव्या शतकातल्या घरात आमचं ऑफिस आहे. खिडक्यांचे पल्ले वर-खाली सरकणारे. वरचा पल्ला आपोआप घसरतो, खालचा हलत नाही आणि गार वारा आत येतो. सगळ्या काढून दुहेरी काचेच्या बसवाव्यात का?

उत्तर : नको. इमारत लिस्टेड, म्हणजे जपायच्या वास्तूंच्या सरकारी यादीत असेल, तर परवानगीशिवाय खिडकी बदलणं १९९०च्या कायद्यानुसार गुन्हा ठरतो. शिवाय १७७४च्या इमारत कायद्याने, आग पसरू नये म्हणून, त्यानंतरच्या घरांत चौकटीची पोकळ पेटी बाहेरच्या विटांमागे दडवायला लावली. ती उपटायची म्हणजे आतला गिलावा आणि लाकूडकाम उचकटणं आलं. दुरुस्ती जागेवरच करा.

वरचा पल्ला घसरतो तो बहुधा दोरी तुटल्यामुळे किंवा कुणीतरी जाड काच बसवल्यामुळे. प्रत्येक पल्ल्याला दोन दोऱ्या, दोन कप्प्या आणि पेटीत लटकणारी दोन लोखंडी वजनं असतात. आतली पट्टी काढून खालचा पल्ला सोडवा, मग मधली पट्टी काढून वरचा. पेटीच्या बाजूला छोटं झाकण असतं, त्यातून वजनं निघतात. काचेसकट पल्ला वजनकाट्यावर ठेवा. वरच्या पल्ल्याच्या दोन वजनांची बेरीज पल्ल्यापेक्षा किंचित जास्त हवी, म्हणजे तो वर टिकतो. खालच्याची किंचित कमी, म्हणजे तो बंद राहतो. वजन वाढवायचं पण पेटीत जागा नाही, अशा वेळी शिशाचं घ्या. दोरी मेण लावलेली सुती.

खालचा पल्ला अडतो तो रंगाच्या थरांमुळे. फटीतून पातळ सुरी फिरवा, हातोडा मारू नका. काचांमधल्या काड्या बारीक असतात, लगेच मोडतात. वारा अडवायला नव्या पट्ट्यांना ब्रशची झालर लावून घ्या. आतून वेगळी दुसरी खिडकी बसवता येते. १०० मिलिमीटरच्या आसपास अंतर ठेवलंत तर रस्त्याचा आवाजही कमी होतो. तिलाही परवानगी लागू शकते, आधी विचारा.

प्रश्न : तळमजल्याखालच्या मीटिंग रूममध्ये ओल होती. सिमेंटचा गिलावा केला, आता ओल आणखी वर चढली.

उत्तर : चढणारच. मऊ वीट आणि चुन्याच्या भिंतीतली ओल पृष्ठभागावरून उडून जाते. सिमेंटने ती वाट बंद केली की पाणी वरची जागा शोधतं, क्षार साठतात आणि विटांचे पापुद्रे सुटतात. आधी बाहेर बघा : पन्हाळ, नळ, दारापुढच्या खालच्या अंगणातलं गटार, फुटपाथखालच्या कोळशाच्या कोठड्या. तिथलं पाणी थांबल्याशिवाय आत खर्च करू नका. मग गिलावा छिन्नीने हाताने काढा, भिंत काही महिने सुकू द्या आणि चुन्याचा गिलावा करा. ५ अंशांखाली तापमान असताना चुन्याचं काम काढू नये. वर चुन्याचाच रंग. प्लास्टिक इमल्शनने सगळं मुसळ केरात.

प्रश्न : पहिल्या मजल्यावरच्या मोठ्या दालनात फायलींची कपाटं ठेवली तर?

उत्तर : ती बैठकीची खोली, दप्तरखाना नव्हे. या घरांतल्या काही लाकडी आडभिंतीच वरच्या तुळया पेलतात, आणि त्यांत नंतर दारं पाडलेली असली की जमीन खचते. जड कपाटं तळघरात हलवा. तेही जमत नसेल, तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला तुळया आणि त्यांची भिंतीत रोवलेली टोकं दाखवा. कुजतात ती टोकंच.