बंदरावर कोणाचा हुकूम चालतो? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

पुण्याला समुद्र नसला तरी चाकण, रांजणगाव आणि भोसरीचा माल न्हावाशेव्याच्या धक्क्यावरूनच ये-जा करतो. त्यामुळे बंदरावरील सरकारी यंत्रणांच्या अधिकारांविषयी या सदराकडे सतत पत्रे येतात. त्यांतील चार प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : आम्ही आयात केलेल्या यंत्रभागांचा कंटेनर सीमाशुल्क विभागाने बावीस दिवस अडवून ठेवला. शेवटी आमची कागदपत्रे बरोबर निघाली. आता सीएफएस (बंदराबाहेर कंटेनर उतरवून ठेवणारे आवार) ग्राउंड रेंट म्हणजे जागेचे भाडे मागते आणि शिपिंग लाइन डिटेन्शन, म्हणजे तिचा कंटेनर अडकून राहिल्याचे शुल्क. बंदर प्राधिकरण हे माफ करू शकते का? (लघुउद्योजक, चाकण)

उत्तर : तुमचा अर्ज बंदर प्राधिकरणाकडे नव्हे, सीमाशुल्क विभागाकडे जायला हवा. न्हावाशेव्याचे जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरण २०२१ च्या प्रमुख बंदर प्राधिकरण कायद्याखाली चालते. जमीन, जलमार्ग आणि बंदराची आखणी त्याच्या हाती असली, तरी तेथील कंटेनर टर्मिनल खासगी चालक चालवतात, आणि तुमचा माल अडवण्याचा अधिकार १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याने सीमाशुल्क अधिकाऱ्याला दिलेला आहे. सीएफएसचे बिल किंवा शिपिंग लाइनची मागणी रद्द करणे प्राधिकरणाच्या कक्षेत बसत नाही.

तुमच्या बाजूने दोन तरतुदी आहेत. २००९ च्या माल हाताळणी विनियमांतील सहाव्या विनियमानुसार, सीमाशुल्क अधिकाऱ्याने जप्त केलेल्या किंवा अडवलेल्या मालावर सीएफएसने भाडे वा डेमरेज (माल वेळेत न उचलल्याचे शुल्क) आकारू नये. २०१८ च्या सागरी माल घोषणापत्र विनियमांतील दहावा विनियम शिपिंग लाइनसाठी आहे : कागदपत्रांतील नोंदी पडताळण्यासाठी माल अडवला आणि नोंदी बरोबर निघाल्या, तर पहिल्या साठ दिवसांचे डिटेन्शन मागता येत नाही. तुमचे बावीस दिवस या मर्यादेत आहेत.

मात्र २००९ च्या विनियमाची सुरुवातच ‘अन्य कायद्यांच्या अधीन राहून’ अशी आहे आणि वाद नेमका या शब्दांवर होतो. माल सांभाळणाऱ्या संस्थेचे शुल्क केवळ सीमाशुल्क विभागाच्या डिटेन्शन सर्टिफिकेटमुळे (माल अडवल्याच्या दाखल्यामुळे) आपोआप माफ होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये, म्हणजे हे विनियम येण्यापूर्वी, एका विमानतळाच्या प्रकरणात म्हटले होते, आणि आजही त्या निकालाचा आधार घेतला जातो. म्हणून माल कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत आणि कशासाठी अडवला होता, हे स्पष्ट लिहिलेले डिटेन्शन सर्टिफिकेट सहायक किंवा उपायुक्तांकडून घ्या आणि त्याची प्रत जोडून सीएफएस व शिपिंग लाइन या दोघांना स्वतंत्र पत्र द्या. नेहमीच्या तपासणीला लागलेले दिवस यात धरले जात नाहीत, हेही ध्यानात ठेवा. भांडण लांबेल असे दिसले तर ‘हरकत नोंदवून’ असे लेखी कळवून रक्कम भरा, माल सोडवा आणि परतावा मागा. कारण माल उतरल्यापासून तीस दिवसांत सोडवला नाही, तर सूचना देऊन आणि सीमाशुल्क अधिकाऱ्याच्या परवानगीने तो विकण्याची मुभा सीमाशुल्क कायद्याचे कलम ४८ देते.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ बंदरात जहाजावर कंटेनर लॅशिंगचे, म्हणजे कंटेनर जखडून बांधण्याचे काम करतो. मुकादम त्याला सेफ्टी बेल्टशिवाय वर चढवतो. तक्रार केली तर काम जाईल अशी भीती वाटते. (वाचक, भोसरी)

उत्तर : तुमची भीती रास्त आहे, म्हणूनच कायद्याने तिची दखल घेतली आहे. गोदी कामगारांच्या सुरक्षिततेचा १९८६ चा कायदा आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत सामावला गेला असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. प्रमुख बंदरांत केंद्रीय श्रम मंत्रालयाच्या गोदी सुरक्षा निरीक्षकांकडे हे काम असते. निरीक्षक जहाजावर चढू शकतो, क्रेन आणि साखळदंडांची प्रमाणपत्रे मागू शकतो, कामगारांशी बोलू शकतो आणि जिवाला धोका दिसला तर लेखी आदेशाने काम थांबवू शकतो. तक्रार कोणाकडून आली हे गुप्त ठेवणे त्याचे कर्तव्य आहे.

फार वर्षांपूर्वी एका धक्क्यावर मी असा निरीक्षक पाहिला. त्याने हातातले फडके वायर रोपवर गुंडाळले आणि हळूहळू ओढत नेले. तीन ठिकाणी फडके अडकले आणि तिन्ही ठिकाणी तुटलेल्या तारांची टोके बाहेर आली होती. त्याने तिथेच उभे राहून आदेश लिहिला, आणि रोप बदलेपर्यंत ती क्रेन बंद राहिली. कंत्राटदार, स्टिव्हडोर (जहाजावरील मालाची चढउतार करून घेणारा) आणि जहाजाचा अधिकारी असे तिघेही तिथे होते. त्यांतील एकालाही तो आदेश फिरवता आला नाही. भावाला जहाजाचे नाव, तारीख, पाळी आणि जहाजावरील माल ठेवण्याच्या खणाचा क्रमांक लिहून ठेवायला सांगा. एवढ्या तपशिलावर निरीक्षक नेमक्या जागी पोहोचू शकतो.

प्रश्न : आमचा ज्येष्ठ नागरिकांचा गट गेटवेहून बोटीने घारापुरीला जाणार आहे. बोटीत जास्त माणसे भरली तर ती कोण थांबवू शकतो? (वाचक, कोथरूड)

उत्तर : अशा प्रवासी बोटींची तपासणी आणि नोंदणी महाराष्ट्र सागरी मंडळ करते. बोटीच्या प्रमाणपत्रावर प्रवाशांची कमाल संख्या लिहिलेली असते आणि संख्या त्याहून जास्त असेल तर मंडळाचा बंदर अधिकारी बोट सोडू देण्यास नकार देऊ शकतो. १८ डिसेंबर २०२४ रोजी याच मार्गावरील बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसून माणसे दगावली. धडकेचे कारण वेगळे होते, पण बोटीवर परवान्याहून जास्त माणसे होती हेही त्या वेळी पुढे आले. बोट धक्क्याला असतानाच लाइफ जॅकेट मागा आणि अंगावर चढवा. ती दिली नाहीत तर न चढता धक्क्यावरच्या अधिकाऱ्याला सांगा.

प्रश्न : दापोलीजवळच्या आमच्या जागेसमोर छोटी जेटी बांधायची आहे. ग्रामपंचायतीचा दाखला पुरेल का? (वाचक, औंध)

उत्तर : पुरणार नाही. राज्यातील छोटी बंदरे आणि खाड्यांचा किनारा सागरी मंडळाच्या अखत्यारीत येतो, म्हणून मंडळाची परवानगी लागेल. त्याशिवाय सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचनेखालील मंजुरीसाठी महाराष्ट्र किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे जावे लागेल. जागा तुमची असली तरी भरतीरेषेखालची जमीन तुमची नसते. खाडीत गाळ कसा बसेल आणि लाटा कुठे वळतील याचा अभ्यासही मागितला जाऊ शकतो. असे अभ्यास करणारी, १९१६ मध्ये सुरू झालेली केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्था खडकवासल्यालाच आहे, आणि देशातील मोठ्या बंदरांच्या प्रतिकृती तिच्या आवारात उभ्या राहिल्या आहेत. आधी मंडळाच्या त्या भागातील बंदर निरीक्षकाला जागा दाखवा, कारण जवळच सार्वजनिक जेटी असेल तर तो तुम्हाला तीच वापरायला सांगण्याची शक्यता अधिक आहे.