जुना व्हीसीआर टेप खातोय, लग्नाच्या व्हीएचएस कॅसेट कशा वाचवायच्या?

तुम्ही लिहिलंय की माळ्यावर आईबाबांच्या लग्नाच्या आणि तुमच्या मुंजीच्या व्हीएचएस कॅसेट सापडल्या, घरचा व्हीसीआर चालू होतो पण टेप ओढून आत गुंडाळतो, मग तो रिपेअर करावा का. करा, पण तोवर लग्नाची कॅसेट त्यात अजिबात घालू नका. मशीन दुरुस्त होतं, चुरगळलेली टेप होत नाही, तेवढ्या जागी चित्र फाटतंच.

टेप खाण्याचं कारण बहुतेक वेळा रबर असतं. रीळ फिरवणारं एक छोटं रबरी चाक असतं, आयडलर म्हणतात त्याला, ते इतक्या वर्षांत कडक आणि गुळगुळीत होऊन घसरायला लागतं, मग टेप ड्रमवरून, म्हणजे टेप वाचणाऱ्या फिरत्या गोल भागावरून, पुढे येत राहते पण गुंडाळणारं रीळ फिरतच नाही आणि सगळी आत सांडते. ते रबर आणि बेल्ट बदला, टेप पुढे ओढणारं रबरी चाक, म्हणजे पिंच रोलर, पुसा. पुण्यात तापकीर गल्ली किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला जुन्या मेकॅनिककडे चौकशी करा, नवीन व्हीसीआरची वाट बघण्यात अर्थ नाही, शेवटपर्यंत बनवणाऱ्या फुनाई या जपानी कंपनीनेही २०१६ मधे बंद केलं. चित्रात मुंग्या येत असतील तर हेड, म्हणजे ड्रमवरचं टेप वाचणारं बारीक टोक, घाण आहे. पूर्वी लोक कोरी नोट घासायचे, ते नका करू, कानातल्या काडीचा कापूसही नको, धागा अडकून हेडचा टवका उडतो. प्लग काढायचा, आयसोप्रोपिल अल्कोहोलमधे भिजवलेलं शॅमॉय (मऊ चामडं) ड्रमला हलकेच टेकवून स्थिर धरायचं आणि दुसऱ्या हाताने ड्रम फिरवायचा, वरखाली घासायचं नाही म्हणजे नाही.

आता कॅसेट. कॅसेटच्या पारदर्शक खिडकीतून टॉर्च मारून रिळावर पांढरी बुरशी दिसते का बघा, कोकणात नि मुंबईत ती हमखास असते. असेल तर ती कॅसेट चांगल्या मशीनमधे घालायचीच नाही, कारण बुरशी हेडवर आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटवर जाते. अशी कॅसेट आधी सिलिका जेलसोबत हवाबंद डब्यात वाळू द्या, नंतर मास्क लावून साफ करा नाहीतर सरळ जाणकाराकडे द्या, इथे पैसे वाचवू नका. कॅसेटचा बाहेरचा प्लास्टिकचा डबा फुटला असेल तर घाबरू नका, खाली पाच स्क्रू असतात, रिळं उचलून दुसऱ्या कॅसेटच्या डब्यात बसतात. तुटलेली टेप सेलोटेपने जोडू नका, डिंक हेडला चिकटतो. रिपेअरनंतर पहिल्यांदा टाकाऊ कॅसेट लावून प्ले, रिवाइंड, इजेक्ट सगळं बघा.

कॉम्प्युटरवर घेताना लोक व्हीसीआर कॉम्प्युटरला जोडणारं सगळ्यात स्वस्त यूएसबी डोंगल घेतात आणि मग आवाज पुढे, चित्र मागे अशी रड असते. जुन्या टेपचा सिग्नल थरथरतो, डोंगलला तो झेपत नाही आणि फ्रेम गळतात. मधे तो सिग्नल स्थिर करणारा टाइम बेस करेक्टर लागतो, तो महाग, पण पॅनासॉनिकचा डीएमआर ईएस१० सारखा जुना डीव्हीडी रेकॉर्डर मिळाला तर व्हीसीआरची वायर त्यातून फिरवून कॅप्चर करा, वाकडंतिकडं चित्र बरंच सरळ होतं. ७२० बाय ५७६, २५ फ्रेम, इंटरलेस्ड (एकाआड एक ओळींचं चित्र) तसंच ठेवा, फिल्टर वगैरे नंतर कॉपीवर. लॉसलेस, म्हणजे दर्जा न घटवता, घेतलं तर तासाला साधारण ३० जीबी जातात, जाऊ देत, व्हॉट्सअॅपसाठी छोटी फाइल वेगळी काढा.

आणि अमेरिकेतल्या काकांनी पाठवलेली एखादी कॅसेट त्यात असेल तर ती एनटीएससी, म्हणजे तिकडच्या टीव्ही पद्धतीची असणार, आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या साध्या व्हीसीआरवर नीट दिसणार नाही, म्हणून खराब समजून फेकू नका, दोन्ही पद्धती चालणाऱ्या मल्टिसिस्टिम मशीनवर लावून बघा.