तमिळ चित्रपटांत पार्श्वसंगीतामुळे विनोद जास्त का खुलतो?

मुख्य कारण म्हणजे संगीत नेमकं कुठे थांबवायचं याची जाण. पंचच्या, म्हणजे हशा आणणाऱ्या वाक्याच्या, आधी वाद्यं अर्धा-एक सेकंद बंद होतात, वाक्य कोरडं ऐकू येतं आणि ठेका पडतो तो समोरच्या पात्राचा चेहरा दिसतो तेव्हा. तोच ठेका वाक्याआधी आला तर प्रेक्षक आधीच सावध होतो, हशा अर्धाच मिळतो.

दुसरी युक्ती विसंगतीची. काम क्षुल्लक, पण मागे हिरोच्या एन्ट्रीचे ढोल. ‘तमिळ पडम’ (२०१०) हे विडंबन यावरच उभं आहे. इथे संगीतकाराने अगदी गंभीरपणे वाजवायला हवं. वाद्यच चेष्टेच्या सुरात लागलं की विसंगती संपते.

तमिळ विनोदात संवाद फार वेगाने येतात. त्यामुळे बोलण्याखाली पिझिकाटो (व्हायोलिनच्या तारा बोटांनी छेडणं) किंवा घटम (मातीच्या घड्याचं तालवाद्य) यांसारखे तुटक आवाज चालतात. लांब ओढलेली व्हायोलिनं व्यंजनं गिळतात आणि शब्दच कळत नाही.

‘कादलिक्क नेरमिल्लै’ (१९६४) मधला विनोदी नट नागेशचा भुताची गोष्ट सांगण्याचा प्रसंग जरूर पाहा. दाराची करकर वगैरे आवाज तो स्वतः तोंडाने काढतो, आणि गोष्ट ऐकणारे नट बालय्या यांची भीती त्यावरच चढत जाते!