कूलर, कांदा आणि रोहिणीतला पाऊस

उन्हाळ्यावरचे प्रश्न पाठवा, असं गेल्या अंकात लिहिलं आणि पत्रांचा ढीगच आला. निम्म्या पत्रांत प्रश्न नाहीतच, नुसता संताप आहे. तोही रास्त आहे, पण त्याला उत्तर नसतं. मी नागपूरची. हायस्कुलात भौतिकशास्त्र शिकवलं आणि सासरी कूलर बांधायचं दुकान होतं, त्यामुळे हवा, पाणी, वारा यांच्याबद्दल मी ठामपणे बोलेन. गोळ्या-औषधांचं मात्र आपल्या डॉक्टरांना विचारा.

फोनवर ४३ दिसतं, पण आमच्या गच्चीवर थर्मामीटर ठेवला तर ५२ दाखवतो. मग सरकारी आकडा खोटा समजायचा का?
— एक नववीतला वाचक, अकोला

खोटा नाही रे बाबा. वेधशाळा तापमान मोजते ते सावलीतल्या हवेचं. लाकडी झडपांची पांढरी पेटी असते, तिला स्टीव्हन्सन स्क्रीन म्हणतात. ती जमिनीपासून साधारण माणसाच्या छातीइतक्या उंचीवर, मोकळ्या जागेत उभी असते. तुझा थर्मामीटर थेट उन्हात आहे, खाली तापलेला स्लॅब आहे. तो हवेचं तापमान सांगतच नाही, स्वतः किती तापला ते सांगतो. दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे आहेत, फक्त त्यांची तुलना करू नये.

हो, यंत्रंही चुकतात. मे २०२४ च्या अखेरीस आमच्या नागपुरात एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि गावभर बोभाटा झाला. नंतर हवामान खात्यानेच तो सेन्सरचा दोष असल्याचं सांगितलं. त्याच आठवड्यात दिल्लीच्या मुंगेशपूर केंद्राने ५२.९ दाखवले होते. तिथेही तपासात सेन्सर सुमारे ३ अंश जास्त दाखवत असल्याचं निघालं. असा आकडा आला की आधी आजूबाजूच्या केंद्रांवर काय आहे ते बघायचं. शेजारी ४५ असताना मध्येच एकटं ५६ उगवत नाही.

ताई, आम्ही नागपूरहून डोंबिवलीला आलो. येताना टेम्पोत घालून आमचा लोखंडी कूलरही आणला. तिकडे ४४ अंशांत रात्री पांघरूण घ्यावं लागायचं. इथे ३३-३४ आहे तरी कूलर लावला की घुसमटतं, गादी ओलसर लागते. पंप, ताट्या (पाणी झिरपणाऱ्या गवती जाळ्या) सगळं बदलून झालं. काय बिघडलंय?
— स. दे., डोंबिवली पूर्व

कूलर ठणठणीत आहे. तुम्ही गाव बदललंत, तिथली हवा वेगळी आहे.

कूलर थंडी तयार करत नाही. ताटीतल्या पाण्याची वाफ होताना ते हवेतली उष्णता घेतं, म्हणून हवा गार होते. वाफ किती होणार हे हवा आधीच किती भिजलेली आहे यावर ठरतं. नागपूरच्या मे महिन्यातली दुपार घ्या: ४४ अंश, आर्द्रता १५ टक्के. ही हवा पाण्याने गार करत नेली तर साधारण २३ अंशांपर्यंत उतरू शकते. बरा कूलर त्यातला पाऊण पल्ला गाठतो, म्हणजे तुमच्या अंगावर २८ अंशांचा वारा येतो. तब्बल १६ अंशांचा फरक! आता डोंबिवली: ३३ अंश, आर्द्रता ६५ टक्के. इथली मर्यादाच साडेसत्तावीसच्या आसपास आहे. कूलर तुम्हाला २९ अंशांचा वारा देईल, म्हणजे काट्यावर जवळजवळ नागपूरइतकाच. पण नागपूरच्या त्या वाऱ्यात आर्द्रता ६५ टक्के होती, इथे ती नव्वदीला टेकलेली असेल. त्या वाऱ्यात घाम सुकत नाही. आणि आपल्या अंगाचा कूलर म्हणजे घामच ना!

तेव्हा पंप बंद ठेवून नुसता पंखा चालवा. समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवा. झेपत असेल तर एसी घ्या. २६-२७ वर ठेवून सोबत पंखा लावला तरी पुरतं, कारण एसी हवेतलं पाणीही काढतो. कूलर तिकडच्या एखाद्या नातेवाइकाला देऊन टाका, तो दुवा देईल.

एक विदर्भवाल्यांसाठी, कारण असंही एक पत्र आहे: कूलर लावून दारं-खिडक्या गच्च बंद करू नका. आत ढकललेली हवा बाहेर जायला वाट हवी, नाहीतर नागपुरातही तासाभरात डोंबिवली होते. आणि चालू कूलरमध्ये पाणी भरू नका. आधी बटण बंद, मग प्लग ओढून बाहेर, मगच बादली. लोखंडी कूलरला अर्थिंग हवंच, घराच्या लाइनवर ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन आपोआप तोडणारं बटण हवं. दरवर्षी आमच्याकडे कूलरचा शॉक लागून माणसं जातात, त्यात पाणी भरायला गेलेली लहान मुलंही असतात. दुकानात आम्ही हे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचो. निम्मे हसायचे.

डोंबिवलीकरांनो, तुमच्याकडे आकडा कमी दिसतो म्हणून धोका कमी असं मात्र नाही. हवामान खातं उष्णतेच्या लाटेचा विचार मैदानी भागात ४० पासून करतं, तर किनारपट्टीवर ३७ पासूनच. खारघरला १६ एप्रिल २०२३ रोजी उघड्या मैदानावरच्या सोहळ्यात उष्माघाताने माणसं गेली. तिथला पारा काही चंद्रपूरसारखा ४५ ला पोचलेला नव्हता.

मामंजी ६८ वर्षांचे आहेत. ऐन मे महिन्यातही भर दुपारी पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडं) वेचायला वावरात जातात. खिशात कांदा, डोक्याला दुपट्टा. “आमी इथंच वाढलो, आमाले काय होते” म्हणतात. त्यांना बीपीची गोळी आहे. कांद्याने खरंच ऊन लागत नाही का?
— एक सून, यवतमाळ जिल्हा

खिशातला कांदा खिशातच राहतो, रक्तात जात नाही. जेवताना खाल्ला तर उत्तम. पण कांद्यावरून मामंजींशी वाद घालू नका, त्यात सगळा उन्हाळा निघून जाईल. दुपट्टा चांगलाच आहे, फक्त तो ओला करून बांधा म्हणावं. वाद घालायचाच तर वेळेवरून घाला. पहाटे साडेपाचला निघून दहाला परत, हवं तर पुन्हा पाचनंतर. पऱ्हाट्या कुठे पळून जात नाहीत.

“आमाले काय होते” हे वाक्य आमच्याकडे प्रत्येक घरात ऐकू येतं, आणि मला त्याचा राग येतो. शरीराला उन्हाची सवय होते हे खरं. त्याला एक-दोन आठवडे लागतात. पण सवय झालेलं शरीर जास्त घाम काढतं, म्हणजे त्याला पाणीही जास्तच लागतं. साठीनंतर तहानेची जाणीव मंदावते, म्हणून तहान लागेपर्यंत थांबायचं नाही. उन्हात काम असेल तर दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्यायचं. सोबत मीठ घातलेलं ताक, कैरीचं पन्हं किंवा आंबील द्या. काहीच नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, आणि मीठ अंदाजाने वाढवायचं नाही. लघवी गडद पिवळी झाली, उन्हाळी लागली, तर पाणी कमी पडतंय हे समजा.

आता बीपीची गोळी. काही गोळ्या लघवी वाढवून दाब उतरवतात. लोक त्यांना पाण्याच्या गोळ्या म्हणतात. मामंजींची तशी असेल तर उन्हाळ्यात डोस तोच ठेवायचा का, आणि मीठ-ताकाचं कसं करायचं, हे डॉक्टरांना आताच विचारून घ्या. मनाने बंद मात्र करू नका.

आणि हे घरात सगळ्यांना माहीत असू द्या. माणूस असंबद्ध बोलायला लागला, झोकांड्या खाऊ लागला, अंग भाजतंय, तर ती नुसती भोवळ नाही, उष्माघात आहे. १०८ ला फोन करा आणि गाडीची वाट बघत बसू नका. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर भसाभस पाणी ओता आणि सुपाने, पुठ्ठ्याने, मिळेल त्याने वारा घाला. मानेला, काखेत, जांघेत गार ओल्या फडक्यांच्या घड्या ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका, छातीत जाईल. तापाची गोळी इथे उपयोगाची नाही, हा ताप त्या जातीचा नव्हे.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर, वर थेट स्लॅब. रात्री दोनपर्यंत झोप नाही. घर भाड्याचं आहे, खर्च बेताचा हवा.
— म. का., वर्धा

स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री तुमच्यावर ओकतो. तेव्हा ऊन स्लॅबपर्यंत पोचूच द्यायचं नाही, सगळी मेहनत तिथे. गच्ची झाडून चुन्याचे दोन हात मारा, त्यात डिंक किंवा फेव्हिकॉल मिसळा म्हणजे पायाला लागणार नाही. पांढरा रंग ऊन परतवतो. मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ वर गेला आणि त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३०० हून अधिक मृत्यू जास्त झाले. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेचा कृती आराखडा केला आणि पुढे गरीब वस्त्यांतली छपरं पांढरी रंगवायला घेतली. म्हणजे हा काही आजीबाईचा बटवा नाही. चुना स्वस्त आहे, घरमालकाला फक्त आधी सांगा.

ग्रीन नेट लावायचं तर स्लॅबवर पसरू नका. बांबू बांधून दोन-तीन फूट वर ताणा, मधून वारा खेळला पाहिजे.

छताचा पंखा तापलेल्या स्लॅबखालचीच हवा खाली ढकलतो. रात्री बाहेरची हवा निवली की टेबल फॅन एका खिडकीत, तोंड बाहेर करून लावा आणि दुसऱ्या बाजूची खिडकी उघडा. गरम हवा बाहेर, गार आत. चुलीजवळचा विचार मी वेगळा लिहिणार होते, पण एवढंच सांगते: कुकर सकाळी आठच्या आत लावून टाका.

२०२५ मध्ये एप्रिलात गारा, मे महिन्यात धो धो पाऊस. रोहिणी नक्षत्रातच वापसा झाला (जमिनीत पेरण्याजोगी ओल आली) म्हणून काहींनी पेरलं आणि पस्तावले. आता नक्षत्रांवर विश्वास ठेवायचा की मोबाइलवर?
— एक शेतकरी, चिखली

२०२५ चं सांगते, कारण ते वर्ष विचित्रच होतं. केरळात मोसमी पाऊस १ जूनऐवजी २४ मे रोजी आला, मुंबईत ११ जूनऐवजी २६ मे रोजी. २५ मेच्या सुमारास नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस सुरू होतात, अंगाची लाही व्हायची तेव्हा छत्र्या निघाल्या. मग महिन्याअखेरीला तो जो अडला तो जूनच्या मध्यापर्यंत. मधल्या पंधरवड्यात विदर्भात पुन्हा उकाडा. लवकर आलेला पाऊस लवकर स्थिरावतोच असं नाही.

नक्षत्रं सूर्याची जागा बरोबर सांगतात, ढगांची नाही. मोबाइलवरचा पाच दिवसांचा अंदाज बराच भरवशाचा असतो, पंधरा दिवसांचा करमणूक म्हणून वाचावा. पेरणीसाठी कृषी विद्यापीठांचा सल्ला साधा आहे: ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोल गेल्याशिवाय पेरू नका. गावात एकाने जरी पर्जन्यमापक लावला तरी सगळ्यांचं काम होतं.

गारांचं म्हणाल तर तापलेली जमीन, बंगालच्या उपसागराकडून आलेली दमट हवा आणि वर कोरडा पश्चिमी वारा, हे तिन्ही मध्य भारतावर भेटले की ढग उंच चढतात आणि त्यात गारा धरतात. फेब्रुवारी-मार्च २०१४ ची गारपीट तुम्ही विसरला नसाल. हवा एक अंशाने तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते, आणि २०२४ हे जगातलं आजवर नोंदलेलं सर्वांत उष्ण वर्ष होतं. एका गारपिटीवरून मी निष्कर्ष काढणार नाही, पण आजोबांच्या वेळचं पेरणीचं वेळापत्रक आता मी डोळे झाकून पाळणारही नाही. वावरात जाताना फोनमध्ये पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप ठेवा, विजेचा इशारा देतं. गडगडाट ऐकू आला की झाडाखाली थांबायचं नाही.

मी मूळ नागपूरच्या धरमपेठेतली. इंग्लंडात ३४ अंशांना आम्ही दोघं आडवे होतो, मित्र हसतात.
— एक वाचक, रेडिंग

हसू द्या. तुमची उन्हाची सवय काही आठवड्यांतच उतरली, ती जन्मभर पुरत नाही. शिवाय तिकडची घरं उष्णता आत धरून ठेवायलाच बांधलेली, वर गालिचा, आणि सूर्य नऊनंतर मावळणार. १९ जुलै २०२२ रोजी इंग्लंडातल्या कोनिंग्सबीला ४०.३ नोंदलं गेलं तेव्हा अख्खा देश हतबल झाला होता, तुम्ही एकट्या नव्हता. धरमपेठेतली शिस्त लावा: सकाळीच खिडक्या बंद, रात्री सताड उघड्या. आणि पडदा आतून लावून भागत नाही, काचेतून ऊन तोवर आत आलेलं असतं. पांढरी चादर खिडकीच्या बाहेरून टांगा. शेजारी काय म्हणतील ते म्हणोत.

वीज सारखी जाते. आईचं इन्सुलिन फ्रीजमध्ये तापतं.
— गोंदिया

वीज गेल्यावर फ्रीज उघडू नका, बराच वेळ गारवा टिकतो. लांबलं तर लहान मडकं मोठ्या मडक्यात ठेवा, मधे वाळू भरून ती ओली ठेवा, वर ओलं फडकं. कुपी घट्ट झाकणाच्या डब्यात घालून आतल्या मडक्यात, आणि ते सावलीत, वाऱ्याला. तुमच्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात हे चांगलं चालतं, पाऊस सुरू झाला की चालणार नाही. वापरात असलेलं इन्सुलिन सहसा ३० अंशांखाली काही आठवडे टिकतं. नेमकं किती, ते खोक्यातल्या कागदावर छापलेलं असतं. बर्फाला मात्र चिकटवू नका. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी फेकूनच द्यावं लागतं.