शिशाऐवजी स्टीलचे छर्रे: जुन्या दुनळीसाठी आणि बदकांसाठी

प्रश्न असा: अमेरिकेतल्या मिनेसोटात बदकांच्या शिकारीला जायचंय, तिथे शिशाच्या छर्ऱ्यांना बंदी आहे, हाताशी सासऱ्यांची जुनी १२ बोअरची दुनळी आहे, आणि घरच्या प्रेसवर (काडतुसं भरायच्या यंत्रावर) शिशाच्या काडतुसांसाठी वापरता तेच प्रमाण ठेवून फक्त छर्रे स्टीलचे घालावेत का?

नाही, अजिबात घालू नका. स्टीलचं काडतूस ही वेगळीच वस्तू आहे. शिसं मऊ असतं, नळीत दाबलं जाऊन जागा करून देतं. स्टील दबत नाही. म्हणून त्याला जाड, न फाटणारा प्लास्टिकचा वॉड (पावडर आणि छर्रे यांच्यामधला, छर्रे धरून ठेवणारा पेला) लागतो, नाहीतर छर्रे नळी खरवडतात. पावडरही सावकाश जळणारी लागते. शिशाचा वॉड आणि शिशाची पावडर तशीच ठेवली तर दाब कुठवर जाईल याचा भरवसा नाही. शिवाय प्रेस छर्रे आकारमानाने मोजतं, वजनाने नाही. शिशाची घनता ११ च्या वर, स्टीलची ७.८ च्या आसपास. त्याच मापात स्टील सुमारे ३० टक्के कमी भरतं. मोठे छर्रे प्रेसच्या नळकांड्यात अडकून अर्धवट पडतात, तेही वेगळंच. स्टील भरायचंच असेल तर छापील मॅन्युअलमधलं स्टीलचंच कोष्टक घ्या आणि त्यातलं केस (रिकामं कवच), प्रायमर (ठिणगी देणारी टोपी), पावडर, वॉड, वजन यांतलं काहीही बदलू नका. पहिल्या मोसमाला मात्र कारखान्याची काडतुसंच घ्या.

आता बंदूक. आधी बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडून चेंबरची (काडतूस बसतं त्या भागाची) लांबी मोजून घ्या. जुन्या ब्रिटिश दुनळ्या बहुतेकदा अडीच इंची असतात. त्यात पावणेतीन इंची काडतूस बसतं, पण उडताना त्याचं तोंड पुढच्या अरुंद भागात उघडतं आणि दाब वाढतो. नळीवर लोखंड-पोलादाच्या पट्ट्यांची नागमोडी नक्षी (दमास्कस) दिसली तर स्टीलचा विचारच नको. फुल चोक (चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी दिलेला अरुंदपणा, फुल म्हणजे तो खूप जास्त) असेल तरीही मोठे स्टील छर्रे नकोत, नळीच्या तोंडाजवळ फुगवटा येतो. अशा बंदुकीला बिस्मथ बरं: घनता ९.६ च्या आसपास, मऊ, पण महाग. तेही बंदूक आधुनिक पावडरीला धडधाकट आहे हे तपासल्यावरच.

नवी बंदूक वापरणार असाल तर मॉडिफाइड किंवा इम्प्रूव्ह्ड सिलिंडर हे फुलपेक्षा कमी अरुंद चोक लावा. स्टील गोलच राहतं, त्यामुळे पसरतं कमी. मॉडिफाइडमधून ते जवळजवळ शिशाच्या फुलसारखं जातं. छर्रा शिशापेक्षा दोन नंबर मोठा घ्या: शिशाचा ४ नंबर असेल तिथे स्टीलचा २. १७ मधून नंबर वजा करा, उत्तर इंचाच्या शंभराव्या भागात व्यास देतं. म्हणजे २ नंबर ०.१५ इंच.

यातलं सगळ्यात मोलाचं, आणि लोक टाळतात ते, कागदावर मारून पाहणं. ज्या अंतरावर शिकार करणार तिथून, उदाहरणार्थ ३५ यार्डांवरून, मोठ्या कागदावर मारा. छर्ऱ्यांच्या दाट भागाभोवती ३० इंच व्यासाचं वर्तुळ काढून भोकं मोजा. सव्वा औंस २ नंबर स्टीलमध्ये साधारण १५६ छर्रे असतात. मॅलार्डसारख्या मोठ्या बदकाला वर्तुळात ८५ ते ९० हवेत. एकाच काडतुसावर निकाल देऊ नका, पाच मारा आणि सरासरी काढा. कमी भरले तर अंतर कमी करा, चोक बदला. जखमी होऊन उडून गेलेलं बदक हीच या शिकारीतली सगळ्यात वाईट गोष्ट आहे, आणि ती बहुतेकदा या मोजणीच्या अभावी घडते.

अमेरिकेत पाणपक्ष्यांसाठी शिशाची बंदी १९९१ पासून देशभर आहे, कारण बदकं चिखलातले छर्रे खड्यांसोबत गिळतात आणि विषबाधेने मरतात. बंदी फक्त वापरावर नाही: शिकारीच्या वेळी खिशात शिशाचं एक काडतूस राहिलं तरी गुन्हा. म्हणून निघण्याआधी जॅकेटचे सगळे कप्पे रिकामे करा. ओली झालेली स्टीलची काडतुसं पुढच्या वर्षासाठी ठेवू नका, आतले छर्रे गंजून एकमेकांना चिकटतात.