मेफिल्ड की मरी? आकडे मरीचे, माझं मत मेफिल्डला

तुमचा मुलगा ओक्लाहोमा विद्यापीठात शिकायला नॉर्मनला गेला आणि तिथल्या मित्रांच्या वादात पडला, हे वाचून फार आनंद झाला. ओक्लाहोमात राहायचं तर या वादातून सुटका नाही. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 2017 चा बेकर मेफिल्ड आणि 2018 चा कायलर मरी, दोघंही ओक्लाहोमाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे क्वार्टरबॅक (पास टाकून आक्रमण चालवणारा खेळाडू), दोघांनाही हाइसमन ट्रॉफी (कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार), पासिंगचे आकडे जवळजवळ सारखे. शिवाय मरी चेंडू घेऊन हजार यार्ड पळाला. मग मरीच सरस, यात वाद घालण्यासारखं काय आहे?

वाद घालण्यासारखं बरंच आहे. माझं मत मेफिल्डला, आणि ते अगदी थोड्या फरकाने. का ते सविस्तर लिहितो.

आधी आकडे, कारण ते खरोखर विलक्षण आहेत. मेफिल्डने 2017 मध्ये 404 पैकी 285 पास पूर्ण केले, 4,627 यार्ड, 43 टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपार नेणं), 6 इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने पकडलेले पास). मरीने 2018 मध्ये 377 पैकी 260, 4,361 यार्ड, 42 टचडाउन, 7 इंटरसेप्शन. पासर रेटिंग (पासिंगचा दर्जा मोजणारा आकडा) एकाचं 198.9, दुसऱ्याचं 199.2. दोघंही 14 सामने खेळले आणि दोन्ही वर्षी संघ 12 जिंकून 2 हरला. दोन्ही वर्षी बिग 12 या कॉन्फरन्सचं (विद्यापीठ संघांच्या गटाचं) विजेतेपद मिळालं आणि दोन्ही वर्षी राष्ट्रीय विजेतेपदाच्या प्लेऑफच्या उपांत्य फेरीत गाडी अडली. पुढे दोघंही एनएफएल ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक लीगच्या खेळाडू निवडीत) पहिल्या क्रमांकावर गेले, 2018 ला मेफिल्ड क्लीव्हलंडकडे आणि 2019 ला मरी ॲरिझोनाकडे. एकाच विद्यापीठाच्या दोन क्वार्टरबॅकनी लागोपाठ हाइसमन जिंकण्याची ती पहिलीच वेळ होती.

फरक दिसतो तो धावण्यात. मेफिल्डच्या खात्यात 311 यार्ड आणि 5 टचडाउन, तर मरीच्या खात्यात 1,001 यार्ड आणि 12 टचडाउन. बेरीज केली तर मरी 5,362 यार्डांवर जातो आणि मेफिल्ड 4,938 वर थांबतो. तुमच्या मुलाचे मित्र याच बेरजेवर बोट ठेवत असणार.

ती बेरीज खोटी नाही, पण मरीच्या पायांचं मोल त्या हजार यार्डांत मावत नाही. त्या वेळच्या प्रशिक्षक लिंकन रायलीचा आवडता डाव म्हणजे काउंटर. एका बाजूचे गार्ड आणि टॅकल (क्वार्टरबॅकपुढे उभे राहून बचावाला अडवणारे गडी) दोघंही जागा सोडून दुसऱ्या बाजूला धावतात आणि चेंडू घेऊन पळणाऱ्यासाठी वाट मोकळी करतात. मेफिल्डच्या काळात या डावाचा मोठा उपयोग फसवणुकीसाठी व्हायचा: लाइनबॅकर (बचावाच्या मधल्या फळीतले गडी) धावणाऱ्याकडे झेपावले की त्यांच्या पाठीमागे पास. मरी आल्यावर रायलीने त्यातच क्वार्टरबॅकला स्वतः पळायची मुभा जोडली. बचावाच्या कडेचा एक गडी मुद्दाम मोकळा सोडायचा आणि मरीने त्याच्याकडे बघत राहायचं. तो आत वळला तर मरी चेंडू स्वतःकडे ठेवून बाहेरून निघणार, तो थांबला तर चेंडू दुसऱ्याकडे. कबड्डीतला कसलेला चढाईपटू कोपऱ्यातल्या गड्याच्या पावलांवरून जसा निर्णय घेतो, तसंच हे. त्या गड्याने काहीही केलं तरी तो चुकतो, आणि त्याला अडवायला आक्रमणाचा एकही माणूस खर्ची पडत नाही.

याचा फायदा पासिंगला झाला, आणि ही गोष्ट बरेच जण विसरतात. मरीला रोखायला बचावाला एक जास्तीचा माणूस पुढे आणावा लागे. मग मागे उरायचा एकटा सेफ्टी (सगळ्यात मागचा बचावपटू), आणि समोर मार्क्विस ब्राउन, सीडी लँबसारखे पास झेलणारे रिसीव्हर. मरीची प्रत्येक पासमागे सरासरी 11.6 यार्डांची आहे. लांबचा पास तो इतक्या सहज आणि अचूक टाकायचा की त्याला ‘पळणारा क्वार्टरबॅक’ म्हणणं मला कायम अन्यायाचं वाटतं. बेसबॉलमध्ये ओकलंडने 2018 च्या ड्राफ्टमध्ये त्याला नवव्या क्रमांकावर निवडलं होतं, ते उगाच नाही. दोन्ही खेळांच्या ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत निवडला गेलेला तो एकमेव खेळाडू आहे.

मेफिल्डचं बळ वेगळ्या ठिकाणी होतं. लोकांना त्याचा आवेश आठवतो: ओहायो स्टेटच्या कोलंबसमधल्या मैदानावर मधोमध झेंडा रोवणं, कॅन्ससविरुद्धचे अशोभनीय हावभाव. त्या धुरळ्यात त्याचा संयम झाकला जातो. पॉकेटमध्ये (सहकाऱ्यांनी त्याच्याभोवती राखलेल्या जागेत) उभं राहून पहिला रिसीव्हर बंद झाला की दुसरा, दुसरा बंद झाला की तिसरा, हे तो घाई न करता करायचा. पॉकेट मोडलं तरी तो पळत सुटायचा नाही. दोन पावलं सरकून जागा करायचा आणि नजर पुढेच ठेवायचा. त्याच्या धावण्याचे यार्ड कमी दिसतात, पण ज्या चालींत तो बाजूला सरकून पास पूर्ण करायचा त्या कागदावर धाव म्हणून चढतच नाहीत.

त्याचा प्रवासही लक्षात घ्या. 2013 मध्ये टेक्सास टेकला तो शिष्यवृत्तीशिवाय आला आणि नवखा असूनही मोसमाचा पहिला सामना त्याने सुरू केला. तिथून ओक्लाहोमाला आला तोही शिष्यवृत्तीशिवायच, आणि एकाच कॉन्फरन्समध्ये विद्यापीठ बदलल्यामुळे 2014 चं वर्ष बाहेर बसला. नियमाप्रमाणे त्याचं खेळायचं एक वर्षही जाणार होतं. 2016 च्या उन्हाळ्यात बिग 12 ने शिष्यवृत्ती नसलेल्या खेळाडूंसाठी तो नियम सैल केला आणि त्याला ते वर्ष परत मिळालं. तो निर्णय झाला नसता तर 2017 चा मोसम मेफिल्डचा नसताच, बहुधा मरीचा असता. मरी टेक्सास ए अँड एम सोडून आला होता आणि 2016 चं वर्ष बसून 2017 मध्ये मेफिल्डमागे राखीव होता.

त्या वर्षाअखेर एक गंमतीचा प्रसंग घडला. कॅन्ससच्या प्रकारानंतर मेफिल्डचं कर्णधारपद काढलं आणि पुढच्या, वेस्ट व्हर्जिनियाच्या सामन्याची सुरुवात मरीने केली. पहिल्याच चालीत तो 66 यार्ड पळाला. पुढच्या वेळी चेंडू मेफिल्डच्या हातात परत आला, पण येणाऱ्या मोसमात काय दिसणार ते त्या एका चालीत सगळ्यांना कळलं होतं.

इथे डॅलसच्या बाजूला राहणाऱ्यांना मरी आधीपासून माहीत होता. ॲलन, प्लेनो, फ्रिस्को भागात आपली मराठी कुटुंबं बरीच आहेत. ॲलन हायस्कूलकडून सुरुवात केलेल्या 42 सामन्यांपैकी तो एकही हरला नाही, राज्याची तीन विजेतेपदं मिळवली. शाळकरी मुलांसाठी 18,000 आसनांचं स्टेडियम बांधणारं ते गाव. तिथे मरीविरुद्ध बोलणं सोपं नाही, आणि मी तरीही मेफिल्ड म्हणतो.

मरीच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा आधी मांडतो. 2018 ची ओक्लाहोमाची बचावफळी फार कच्ची होती. संघ सामन्यामागे सरासरी 48.4 गुण करत होता आणि 33.3 देत होता. ऑक्टोबरमध्ये टेक्सासने 48-45 असं हरवल्यावर बचावाचे प्रशिक्षक माइक स्टूप्स यांना लगेच काढलं. त्या सामन्यात संघ 45-24 असा मागे होता आणि मरीने चौथ्या क्वार्टरमध्ये 67 यार्डांची धाव मारून तो 45-45 पर्यंत ओढून आणला. शेवटी टेक्सासने फील्ड गोल मारून (चेंडू किक करून खांबांमधून घालवून) सामना जिंकला. वेस्ट व्हर्जिनियाविरुद्धचा सामना जेमतेम 59-56 ने जिंकला. (त्या रात्री त्याच बचावफळीने प्रतिस्पर्ध्याच्या हातून सुटलेले दोन चेंडू थेट टचडाउनपर्यंत नेले, हेही सांगायला हवं.) आर्मीने (लष्करी अकादमीच्या संघाने) तर चेंडू 44 मिनिटांहून जास्त वेळ स्वतःकडे ठेवला आणि सामना ओव्हरटाइममध्ये 28-21 ने कसाबसा जिंकला. मरीला जवळजवळ दर वेळी गुण करणं भागच होतं. शिवाय मुख्य धावपटू रॉडनी अँडरसन दुसऱ्याच सामन्यात जायबंदी झाला. मार्क अँड्र्यूजसारखा टाइट एंड (पास झेलणारा आणि अडवणाराही खेळाडू) आणि डाव्या टॅकलवरचा ऑरलँडो ब्राउन एनएफएलला निघून गेले होते.

पण पारड्यात दुसरीही गोष्ट आहे. 2018 च्या ऑफेन्सिव्ह लाइनला, म्हणजे क्वार्टरबॅकपुढे उभ्या राहणाऱ्या पाच जणांना, देशातली सर्वोत्तम म्हणून जो मूर पुरस्कार मिळाला. त्यातले फोर्ड, एव्हन्स, पॉवर्स आणि सॅमिया असे चौघं 2019 च्या ड्राफ्टमध्ये गेले, आणि मधला नवखा सेंटर क्रीड हम्फ्रीही पुढे एनएफएलला पोचला. अँडरसनच्या जागी आलेला केनेडी ब्रूक्स हजाराच्या वर यार्ड पळाला. मरी एकटा ओझं वाहत होता असं चित्र रंगवणं त्या पाच जणांवर अन्यायाचं आहे.

आता माझं मत जिथे ठरतं ती जागा. बिग 12 मध्ये त्या वर्षांत बचाव म्हणजे आनंदीआनंद होता. तिथले आकडे दोघांचेही फुगलेले आहेत, मेफिल्डचे सुद्धा. ओक्लाहोमा स्टेटविरुद्ध 62-52 च्या सामन्यात त्याने 598 यार्ड केले, पण त्या सामन्यावरून मी कुणाचंच मोल ठरवणार नाही. मोल ठरतं ते समोर खरी बचावफळी असताना, पहिली योजना हाणून पाडल्यावर क्वार्टरबॅक काय करतो त्यावर.

मेफिल्डचे असे सामने बघा. सप्टेंबर 2017, कोलंबसमध्ये ओहायो स्टेट. आदल्या वर्षी याच संघाने नॉर्मनला येऊन 45-24 ने धुतलं होतं. मध्यंतराला 3-3. उत्तरार्धात मेफिल्डने तो सामना उलगडून दाखवला: एकूण 35 पैकी 27 पास, 386 यार्ड, 3 टचडाउन, निकाल 31-16. टीसीयूची (टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाची) बचावफळी बिग 12 मधली सगळ्यात शिस्तीची. त्यांच्याविरुद्ध दोनदा खेळून 38-20 आणि 41-17 असे विजय. आणि 1 जानेवारी 2018 ला रोझ बोलमध्ये, म्हणजे प्लेऑफच्या उपांत्य सामन्यात, जॉर्जिया. लाइनबॅकर रोक्वान स्मिथ मध्ये उभा असलेल्या त्या बचावाविरुद्ध मध्यंतरापर्यंत 31 गुण, त्यातला शेवटचा टचडाउन मेफिल्डने लँबचा पास स्वतः झेलून केलेला. आठवडाभर तो आजारी होता. उत्तरार्धात जॉर्जियाने पकड घट्ट केली, त्याचा एक पास अडवला गेला आणि दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये 54-48 असा सामना गेला. तो पराभव आजही बोचतो.

मरीचा तसा सामना एकच, 29 डिसेंबर 2018 चा ऑरेंज बोल, तोही प्लेऑफचा उपांत्य सामना, समोर अलाबामा. आकडे वाईट नाहीत: 308 यार्ड पास, 109 यार्ड धाव, एकूण 3 टचडाउन. पण त्याचं आक्रमण पहिल्या काही वेळा चेंडू घेऊन आलं तेव्हा काहीच झालं नाही आणि संघ 28-0 असा मागे पडला. अलाबामाच्या बचावातला क्विनन विल्यम्स आणि मंडळी मधून दाबत होती, मरीला बाहेर निसटू देत नव्हती. कडेच्या गड्याला फसवायचा तो डावच बंद झाला. मग पॉकेटमध्ये उभं राहून तिसरा-चौथा रिसीव्हर शोधायची वेळ आली तेव्हा त्याला सूर सापडायला दुसरा क्वार्टर उजाडला. तिथून तो सुंदर खेळला, पण सामना 45-34 असा गेला. पाय दुखावलेल्या मार्क्विस ब्राउनला त्या सामन्यात एकही पास झेलता आला नाही, आणि पलीकडे अलाबामाचा क्वार्टरबॅक टुआ याने 27 पैकी 24 पास पूर्ण केले, त्यात मरीचा काय दोष? काही नाही. तरीसुद्धा सुरुवातीचा तो अडखळलेला काळ मला मेफिल्डच्या मोठ्या सामन्यांत दिसत नाही, आणि थोडा फरक म्हणतो तो एवढाच.

‘दोघंही रायलीच्या पद्धतीचे, कुणीही उभा केला असता तरी चाललं असतं’ हेही कुणीतरी म्हणेलच. 2019 मध्ये अलाबामाहून आलेला जेलन हर्ट्स त्याच जागी खेळला आणि हाइसमनच्या मतदानात दुसरा आला, म्हणजे पद्धत उत्तम होती यात शंका नाही. पण हर्ट्सचं आक्रमण निराळं दिसायचं, तो स्वतः 1,298 यार्ड पळाला. रायलीचं खरं कसब असं की तो दर वर्षी समोरच्या माणसाच्या मापाने डाव कापायचा. म्हणूनच या तिघांची तुलना करता येते: प्रत्येकाला काय झेपत होतं ते त्या डावांतच वाचता येतं.

मुलाला दोन गोष्टी बघायला सांगा. कोलंबसच्या सामन्याचा उत्तरार्ध, आणि त्यात चेंडू हातात आल्यावर मेफिल्डची नजर कुठे कुठे फिरते ते. मग मरीसाठी 2018 चा बिग 12 चा अंतिम सामना, टेक्सासविरुद्धचा 39-27, कारण आधी हरवलेल्या संघासमोर तो किती शांत खेळला ते तिथे दिसतं. वेळ असेल तर ऑरेंज बोलचा फक्त पहिला क्वार्टर. तो पाहूनही त्याचं मत मरीकडेच राहिलं तर मी वाद घालणार नाही. फक्त धावांची बेरीज सांगून मत मांडू नकोस, एवढं त्याला माझ्याकडून कळवा.